उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी 'रणधीर'च्या दोन नंबरच्या बॉयलर रूममधल्या नळ्या फुटल्या. एडन सोडून दोन दिवस झाले होते. समुद्र ताटासारखा सपाट होता आणि मी चहाचा मग घेऊन डेकवर उभा होतो. आधी पायाखालची थरथर बदलली. मग मांजरपाट फाडल्यासारखा एक लांबलचक आवाज आला आणि बॉयलर रूमच्या झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ उसळली.

मी झाकणाच्या सर्वांत जवळ होतो, म्हणून ते मी उघडलं. दुसरं काही कारण नव्हतं. मी जहाजाचा रायटर, म्हणजे कारकून. बॉयलरशी माझा संबंध नाही. पण त्यामुळे शिडीवरून वर आलेलं पहिलं डोकं मी पाहिलं. ते बॉयलर पाळीवरच्या पेटी ऑफिसर पुरुषोत्तम रेडकरचं होतं. भुवया जळालेल्या, आणि खांद्यावर स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचा खलाशी, यशवंत तारी. त्याला सगळे येसो म्हणत. एकोणीस वर्षांचा, वेंगुर्ल्याच्या खाडीवरचा, होडी हाकणाऱ्या घरातला.

आम्ही दोघांनी येसोला डेकवर उताणं निजवलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत उकडून निघाले होते. इतरांनी धावत यायच्या आत त्याने डोळे उघडले आणि रेडकरकडे बघून स्पष्ट म्हणाला, "काका, डाव्याच बाजून फिरवलंय. सगळो जोर लावलंय. हललाच नाय."

"गप रव. बोलू नको," रेडकर म्हणाला.

येसोची शुद्ध गेली. रेडकरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग स्ट्रेचर आलं.

या एका वाक्यात काय होतं ते समजायला जहाजाची थोडी हकिगत सांगावी लागेल. 'रणधीर' मूळची इंग्रजांची विनाशिका, 'रेडमायर'. बेचाळीस साली पाण्यात उतरली, उत्तरेच्या बर्फातून व्यापारी जहाजांचे तांडे नेले, भूमध्य समुद्रात कमरेत एक बॉम्ब खाल्ला. कुठल्याशा बंदरात तिला घाईने टाके घातले. त्या वेळी दोन नंबरच्या बॉयलर रूममध्ये एक व्हॉल्व्ह बसवला गेला तो दुसऱ्याच, बुडालेल्या जहाजातून काढलेला. त्याचे आटे उलटे होते. जगातला कुठलाही व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो. हा डावीकडे फिरवला की बंद व्हायचा. बॉयलरला नेहमीच्या वाटेने पाणी कमी पडलं तर दुसऱ्या वाटेने पाणी सोडायचा तो व्हॉल्व्ह होता. रोज लागायचा नाही. लागायचा तेव्हा एकदम लागायचा. युद्धात बदलायला वेळ नव्हता, युद्धानंतर कुणाला गरज वाटली नाही.

इंग्रज स्टोकरांनी त्याला नाव ठेवलं होतं 'मिसेस विल्क्स'. चीफ स्टोकर टॉम विल्क्सची बायको. तिला डावीकडे जा म्हटलं की ती उजवीकडे जाते, असं विल्क्स स्वतःच सांगायचा. चाकाच्या वर लाल अक्षरांत तिचं नाव रंगवलेलं होतं आणि खाली उजवीकडे वळणारा बाण. प्रजासत्ताक झाल्यावर अडीच महिन्यांनी इंग्लंडात जहाज आमच्या ताब्यात आलं. त्यांचा ध्वज उतरला, कोपऱ्यात तिरंगा असलेला आपला चढला. विल्क्स आणि त्याची चार माणसं बॉयलर समजावून द्यायला मुंबईपर्यंत आमच्याबरोबर निघाले. विल्क्सने रेडकरचा हात हातात धरून चाकावर ठेवला आणि म्हणाला, "आजपासून ही तुझी."

रेडकर केळुसचा, मी शेजारच्या परुळ्याचा. त्यामुळे जेवणानंतर मी कधीकधी त्याच्याकडे खाली जायचो. त्याने आपल्या पाळीच्या प्रत्येक माणसाचे डोळे रुमालाने बांधून त्याला बॉयलर रूममधून चालवलं होतं. दिवे गेले, वाफ भरली तर हाताला सगळं दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. माणसं त्याला आंधळी कोशिंबीर म्हणायची. एकदा माझेही डोळे बांधले. येसोने ती कोशिंबीर तीनदा बरोबर खेळली, हे मी स्वतः पाहिलं आहे. चौथ्या वेळी त्याने चाक डावीकडे ओढलं तेव्हा रेडकरने त्याच्या बोटांवर पाना टेकवला आणि म्हणाला, "ही तुझी आये न्हय, सरळ वागाक. विल्कीण ती."

तांबड्या समुद्रात असताना कप्तानांच्या हाताखालचे फर्स्ट लेफ्टनंट सबनीस पाहणीला खाली उतरले. मुंबईत स्वागताला मंत्री येणार होते. जहाज मास्टपासून पाण्याच्या रेषेपर्यंत नवं दिसलं पाहिजे, इंग्रजांची एक खूण दिसता कामा नये, असा त्यांचा ध्यास होता. माणूस वाईट नव्हता. आठवडाभर तो झोपला नसावा.

"हे काय आहे, रेडकर?"

"खूण आहे, सर. व्हॉल्व्ह उलटा आहे."

"खूण? मिसेस विल्क्स? मंत्री सपत्निक आले आणि बाईंनी विचारलं ही कोण, तर काय सांगू?"

"मंत्री बॉयलर रूमात कशाला येतील, सर?"

"आले तर? काढून टाका. मुंबईत पितळेची व्यवस्थित पाटी करून लावू. आपल्या माणसांना माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"मग झालं."

ब्रश येसोने मागून घेतला. त्याचा हात साफ होता. "विल्कीणबाईक नवऱ्याकडे धाडतंय," असं गात त्याने अक्षरं पुसली, बाण पुसला, आणि रंग उरला म्हणून चाकही पांढरंशुभ्र करून टाकलं. आता ते चाक त्या खोलीतल्या बाकीच्या चाकांसारखंच दिसत होतं.

आणि त्या सकाळी पाणी कमी पडलं. रेडकर बर्नरजवळ होता. तो ओरडला, "उघड!" येसो धावला आणि त्याच्या हाताने, आयुष्यभर जे केलं तेच केलं.

कप्तानांनी दुपारीच प्राथमिक चौकशी घेतली. कमांडर मिस्त्री पारशी होते, आवाज कधी चढवत नसत. त्यांच्या केबिनमध्ये सबनीस, इंजिनिअर ऑफिसर, विल्क्स, रेडकर, आणि कोपऱ्यात टाइपरायटरवर मी. प्रश्न एकच होता आणि तो कप्तानांनी सरळ मांडला. त्यांच्या इंग्रजीचं मी इथे मराठी करतो.

"व्हॉल्व्ह पक्का बंद सापडला आहे. चीफ, किती पक्का?"

"दोन्ही हात लावून, पाय भिंतीला टेकवून सोडवावा लागला, सर," विल्क्स म्हणाला.

"म्हणजे दोनच शक्यता. तारीने चाक चुकीच्या बाजूला फिरवलं, किंवा आधीच कुणीतरी ते इतकं आवळून ठेवलं होतं की बरोबर बाजूला फिरवूनही ते सुटलं नाही. पेटी ऑफिसर?"

रेडकरच्या दोन्ही तळव्यांना पिवळं मलम होतं. तो सावधानमध्ये उभा होता. "दुसरी, सर. मागच्या पाळीत मीच आवळलं. गरजेपेक्षा जास्त."

"का?"

"थेंब गळत होता, सर."

"तारीने कुठल्या बाजूला फिरवलं?"

"उजव्या. मी पाहिलं."

माझी बोटं थांबली. कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुढे टाइप केलं.

सबनीसांनी मांडीवरची टोपी उचलली, परत ठेवली. "सर, त्या चाकावर एक खूण होती. ती माझ्या—"

"खुणेचा संबंध नाही, सर," रेडकर मध्येच बोलला. अधिकाऱ्याचं बोलणं तोडायची ही त्याच्या नोकरीतली पहिलीच वेळ असावी. "चाक बरोबरच फिरलं होतं."

सबनीसांनी टोपी पुन्हा उचलली. त्यांच्या कपाळावरचा घाम मला बसल्या जागेवरून दिसत होता.

"तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना?" कप्तानांनी विचारलं. "रँक जाईल. पुन्हा बॉयलर रूम मिळणार नाही."

"होय, सर."

"सही करा."

मलमाचा डाग कागदावर पडला. मी तो टिपकागदाने टिपला.

बाहेर विल्क्सने मला गाठलं. "पाच आठवडे मी या माणसाचा हात पाहतोय," तो म्हणाला. "तो घड्याळाला चावी देतो तसा व्हॉल्व्ह बंद करतो. आवळणारा हात नाही तो. तुला काही माहीत आहे?"

"मी रायटर आहे, चीफ."

"तेच विचारतोय," असं म्हणून तो निघून गेला.

रेडकर मागच्या डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. मी समोर उभा राहिलो आणि घरच्या बोलीत म्हणालो, "रेडकरानु, ह्यां खोटां आसा."

"काय?"

"तो काय बोललो तां मी ऐकलंय. तुमीव ऐकलास."

"वाफेन कान भाजतत, परुळेकरा. भाजलेल्या कानान काय्येक ऐकूक येता."

"निदान रंगाचा तरी सांगा. सबनीस सायब स्वतः सांगीत होते. तुमची रँक वाचात."

"मग पुढचो प्रश्न काय येतलो? रंग कोणी लावल्यान?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुझां काम काय? टाईप करूचां. कर जा."

एवढंच. मला राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं. जहाज एका बॉयलरवर लंगडत होतं. मी पुढून मागे आणि मागून पुढे फेऱ्या घालत राहिलो. लोक पितळी खांबांना पॉलिश लावत होते, मंत्र्यांसाठी.

संध्याकाळी कप्तानांनी मला येसोकडे धाडलं. शुद्धीवर असेल तर त्याचा दोन ओळींचा जबाब घ्यायचा होता. सही नको, हात नाहीत. डॉक्टरांसमोर वाचून दाखव, म्हणाले. डॉक्टर तरुण बंगाली होते. दाराशीच मला थांबवून हळू म्हणाले, "हात वाचतील की नाही माहीत नाही. माणूसही. सकाळपासून पाणी घेत नाही. एकच विचारतो, ते मला कळत नाही. तुमच्या भाषेत आहे."

येसो डोक्यापासून पायांपर्यंत बँडेजात आहे असं मला आधी वाटलं. प्रत्यक्षात फक्त हात आणि छाती. मला बघताच त्याचे ओठ हलले.

"रायटर, खरां सांग. चाक मी खंयच्या बाजून फिरवलंय?"

"तुका आठवता काय?"

"नाय. आठवूक गेलंय की नुसतां पांढरां दिसता. सारखां वाटता, मीच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "रेडकर काका येवन गेले. म्हणाले, तू बरोबर फिरवलंस, मीच आवळून ठेवलेलंय. माझी समजूत घालूक म्हणाले. खरां नाय ना तां? तू कागद टाईप करतंस, तुका ठावक आसतलां."

रेडकरच्या जबाबाचा कागद माझ्या हातात होता. मी तो उघडला आणि शब्दशः वाचून दाखवला. इंग्रजी वाक्य, मग त्याचा अर्थ. मी आवळलं. गरजेपेक्षा जास्त. त्याने उजवीकडे फिरवलं. मी पाहिलं. खाली सही.

येसोने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा बदलला. सकाळपासून त्या चेहऱ्यावर जे होतं ते गेलं आणि त्या जागी दुसरं काही आलं.

"म्हणजे तेनाच," तो म्हणाला. "आमका पाने मारी. हळू बंद करा, पोरीचो कान धरतास तसा धरा म्हणी. आणि स्वतः? माझे हात खाल्ल्यान रे मेल्यान. मी उठलंय ना, तर तेका..." आणि त्याने अशी एक शिवी दिली की डॉक्टरांनी, भाषा न कळताही, मान वर केली.

"पाणी दी," येसो म्हणाला.

तो सबंध पेला प्यायला. त्याच्या जबाबात मी 'काही आठवत नाही' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "पेज मागितली त्याने. फार चिडलाय. चिडू दे. चिडलेली माणसं मरत नाहीत."

रेडकर दाराबाहेरच्या बोळात उभा होता. त्याने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं आणि खाली गेला. पुन्हा तो येसोकडे आला नाही.

मुंबईत बँड वाजत होता. मंत्री आले, बॉयलर रूममध्ये उतरले नाहीत. येसोला जहाजाच्या पलीकडच्या बाजूने बोटीत उतरवलं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. रेडकर सलामीच्या रांगेत नव्हता. त्याची रँक उतरली, त्याला किनाऱ्यावरच्या कोठारात टाकलं, आणि मुदत संपताच तो गावी गेला. मी नौदल सोडून वर्तमानपत्रात आलो.

'रणधीर'ने त्यानंतर आणखी सव्वीस वर्षं काढली. गेल्या महिन्यात तिचा ध्वज शेवटचा उतरला. संपादकांनी मला तिचा सेवावृत्तान्त लिहायला सांगितला आणि समारंभाला पाठवलं. जुन्या खलाशांना निमंत्रण होतं. तिथे येसो भेटला. हाताची बोटं तळव्याला चिकटलेली, कायमची अर्धी मूठ. गोदीच्या फाटकावर नोकरी, माझगावात संसार, तीन मुली.

"रेडकर येवचो नाय ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. "तो आसलो तर मी जहाजार पाय ठेवचंय नाय."

त्याच आठवड्यात मी केळुसला गेलो. रेडकर परसात माडांना शिंपणं करत होता. साठीचा, वाळलेला. मी विचारलं, येसोला आता तरी खरं सांगू का?

"कित्याक?" तो म्हणाला. "सव्वीस वर्सां तेना माझ्यार राग धरल्यान. तेच्यार जगलो. लगीन केल्यान, चेडवां वाढवल्यान. तां तू काढून घेतलंस, तर तेच्या हातात काय ठेवतलंस?"

"आणि तुमचां?"

"माझां काय? माझे हात आसत मां." त्याने कळशी उचलली. "लिवतलंस तर मिसेस विल्क्साचां लिव. लोक हसतले."

मी लिहिलं. तांडे, बॉम्ब, हस्तांतर, बंदरं, सराव, वादळं, शेवटची सलामी. बॉयलरच्या अपघाताबद्दल एक अक्षर नाही. खरं लिहायची परवानगी नव्हती आणि खोटं मला दुसऱ्यांदा टाइप करायचं नव्हतं.

रविवारी लेख छापून आला. सोमवारी येसो ऑफिसात हजर. अंक काखेत दाबलेला. बसला नाही.

"सगळां लिवलंस," तो म्हणाला. "खंयच्या बंदरात कितके दिवस होती, तां लिवलंस. कप्तानांची नावां लिवलंस. माझे हात खंय गेले, तां एक ओळ नाय?"

"येसो, बस."

"गाववाल्याक वाचवलंस. केळूस नि परुळां, एकच पाणंद. तेचां नाव पेपरात येवक नको. मी सगळां ओळखतंय. तू तेवाच तेचो होतंस, म्हणान तो कागद माका वाचून दाखवलंस, तेचो गुण गावक. आपणच कबूल केल्यान म्हणान."

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मी त्याला गॅलरीत नेलं आणि सांगितलं. डेकवर तो काय बोलला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्याने कान झाकायला हात उचलले, पण ते हात कान झाकण्याच्या कामाचे नव्हते.

"डाव्या?" एवढंच त्याने विचारलं.

"डाव्या."

"रंग?"

"तूच लावलेलंस."

तो गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. खाली ट्रकमधून न्यूजप्रिंटचे रोल उतरवत होते, ते त्याने सगळे उतरेपर्यंत पाहिले. मग अंक तिथेच ठेवून जिना उतरून गेला.

काल त्याची बायको ऑफिसात आली. नवरा रात्री घरी आलाच नाही, म्हणाली. फाटकावर चौकशी केली तर, आदल्या दिवशीच आठ दिवसांची रजा टाकून गेलाय. कुठे ते सांगितलं नाही. तुमच्याकडून गेल्यापासून जेवला नव्हता. तुम्ही त्याला काय सांगितलंत?

मी केळुसच्या पोस्टात रेडकरच्या नावाने तार केली, कुणी आलं तर मला फोन करा.

आज दुपारी चारच्या सुमाराला रेडकरच्या सुनेचा ट्रंककॉल आला. घरासमोरच्या पोस्टातून बोलत होती, आवाज येत-जात होता. तार मिळाली, म्हणाली. पण त्याआधीच वेंगुर्ल्याच्या गाडीतून एक जण उतरलाय. हातांच्या अर्ध्या मुठी आहेत. नाव सांगत नाही. अंगणात उभा आहे, आत या म्हटलं तर येत नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही.

"आणि मामंजी?" मी ओरडून विचारलं.

"परसात. त्यांना काही माहीत नाही. घरच्यांनी हाक मारलीय. येतायत बघा आता..."

तीन मिनिटं संपली आणि ऑपरेटरने लाइन तोडली. पुन्हा कॉल लावला आहे. वेंगुर्ल्याच्या पुढची लाइन सहा वाजेपर्यंत मिळालेली नाही.